खंडोबाचा किडा (प्रार्थनाकीटक): ओळख, निगा आणि शंका

पळसपान:
पावसाळा सरत आला की कुंपणावर, बागेत, जिन्यातल्या दिव्याखाली हे कीटक दिसू लागतात आणि "हा कोणता नाकतोडा?" असे फोटो सगळीकडे फिरू लागतात. आपल्याकडे माहिती बरीच आहे, पण ती सुट्ट्या प्रतिसादांत विखुरली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. ओळखीपासून सुरुवात करतो, पाळण्याबद्दल जाणकारांनी भर घालावी.

आधी मुळात मँटिस (प्रार्थनाकीटकाचं इंग्रजी नाव) आहे का ते पाहा. डोकं त्रिकोणी आणि मागेपर्यंत वळणारं, छातीचा पहिला भाग लांब (आपल्याला मान वाटते ती हीच), पुढचे दोन पाय आतून काटेरी आणि चाकू मिटावा तसे मिटणारे. नाकतोड्याचे मागचे पाय उडीसाठी जाड असतात, मँटिसचे मागचे चारही पाय काटकुळे. काडीकिड्याला शिकारी पाय नसतात. पाण्यातल्या रॅनाट्राला ते असतात, पण त्याच्या मागच्या टोकाला श्वासाची लांब नळी असते. सगळ्यात जास्त फसवतो मँटिसपिड: पुढचे पाय हुबेहूब मँटिसचे, पण पंख काचेसारखे पारदर्शक, जाळीदार. तो वेगळ्याच गणातला आहे. मँटिसचे खरे जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळं आणि वाळवी.

रंगावर अजिबात जाऊ नका. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही सापडतात आणि कात टाकताना रंग बदलूही शकतो. खात्रीची खूण बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला असते. म्हणून फोटो चार लागतात: वरून पूर्ण अंग, समोरून चेहरा, पोटाची खालची बाजू आणि पुढच्या पायांची आतली बाजू. चौथा फोटो नसेल तर "हिरवा मँटिस" याच्यापुढे कुणालाच जाता येत नाही. आतली बाजू दाखवायला हात लावावा लागत नाही. काडी हळूच समोर धरली की तो बहुधा पुढचे पाय उचलतो, तेवढ्यात टिपायचं.

आपल्याकडचे नेहमीचे गट:

हायरोड्युला. घराच्या आसपास दिसणारा मोठा हिरवा मँटिस बहुतेक वेळा हाच. लांबी ७ ते ९ सेंमी, मादी भरदार, पुढच्या पंखावर दोन्ही बाजूंना एकेक पांढरट ठिपका. कोक्सावर (पुढच्या पायाचा अंगाकडचा पहिला भाग) फिकट गाठी किंवा दाते असतात. त्यांची संख्या, आकार आणि एकमेकांतलं अंतर यांवर जात ठरते. ते स्पष्ट दिसत नसेल तर "हायरोड्युला प्रजाती" एवढंच लिहावं, अंदाजाने जातीचं नाव लावू नये.

मँटिस रिलिजिओसा. याच्या कोक्सावर आतून काळा ठिपका, कधी मध्ये पांढरा. युरोपातल्या फोटोंमुळे आपल्याकडचा प्रत्येक हिरवा मँटिस याच नावाने चिकटवला जातो. ठिपका दिसला तरच हे नाव घ्या.

क्रिओब्रोटर, म्हणजे फुलांवरचा. जेमतेम ३-४ सेंमी, डोळे टोकदार, पंखावर मोठा गोल डोळ्यासारखा ठिपका. पिल्लं पोट पाठीवर वळवून बसतात. झेंडू, घाणेरी, कॉसमॉस नीट निरखले तर सापडतो.

हुम्बर्टिएला झाडाच्या सालीवर: करडा, चपटा, आणि माणूस जवळ आला की खोडाला वळसा घालून पलीकडे पळतो. शिझोसेफाला वाळक्या गवतात: काडीइतका बारीक, डोळ्यांना शिंगासारखी टोकं. हेस्टियासुला लहानखुरा, पुढच्या पायांचे भाग रुंद, ते हलवून एकमेकांना इशारे देतो. युआन्टिसाची नवजात पिल्लं काळी आणि थेट मुंगीसारखी चालतात, त्यामुळे लोक त्यांना मुंगी समजून झटकून टाकतात. गॉन्जिलस गॉन्जिलोडिस दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा: लांब बारीक छाती, तिच्या टोकाला पानासारखा पसरट भाग, डोक्यावर सुळका. एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना चारही फोटो एकाच नोंदीत टाका.

शेवरी:
उत्तम सुरुवात, पळसपान. नर-मादी आणि वय यांची भर घालते.

पोटाच्या खालच्या बाजूचे पट्टे मोजायचे. मादीत ६, नरात ८. मादीचा शेवटचा पट्टा मोठा आणि रुंद असतो, नराचे शेवटचे पट्टे लहान होत जातात. अगदी लहान पिल्लात हे भिंगाशिवाय दिसत नाही. चौथ्या-पाचव्या कातीनंतर मोबाइलच्या झूमनेही मोजता येतं. नर सडपातळ, मिशा लांब, पंख पोटाच्या पुढे गेलेले. रात्री दिव्यावर येणारे मोठे हिरवे मँटिस बहुधा नर असतात, कारण मादी जड असते आणि फारशी उडत नाही.

पाठीवर पंखांच्या कळ्या चपट्या असतील तर अजून कात बाकी आहे. त्या फुगल्या की पुढची कात शेवटची. पूर्ण पंख आले की वाढ संपली, आता कात नाही. अर्थात काही जातींत मादीचे पंख आखूडच असतात, तिथे हा नियम लावू नका.

डोळ्यातला काळा ठिपका आपल्याकडेच रोखलेला वाटतो. ती बाहुली नाही. संयुक्त डोळ्याचा जो भाग थेट आपल्याकडे तोंड करून आहे, तिथला प्रकाश आतच शोषला जातो, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. रात्री संपूर्ण डोळा काळपट होतो, सकाळी पुन्हा हिरवा. हा आजार नाही. आजार कोणता, तर डोळ्याच्या पुढच्या टोकाला दिवसाही न जाणारा डाग. तो बंद बरणीच्या भिंतीवर डोळा घासून होतो.

यांना दोन्ही डोळ्यांनी अंतराचा अंदाज येतो. न्यूकॅसल विद्यापीठात मँटिसना मेणाने चिमुकले थ्रीडी चष्मे चिकटवून हे तपासलं होतं. पाळणाऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की त्यांची नजर हालचालीवर लागते. चिमट्यात निश्चल धरलेली माशी समोर असूनही दुर्लक्षित राहते. ती २-३ सेंमीवर धरून हलकेच थरथरवली की लगेच झेप येते.

दगडफूल:
कढीपत्त्याच्या कुंडीत एका फांदीला दोन-अडीच सेंमीचा तपकिरी, वाळलेल्या फेसासारखा गोळा आहे. अंडी आहेत की फुटून गेलेला आहे हे कसं ओळखायचं? फांदी छाटायची आहे.

सह्यकडा:
@दगडफूल, तो ऊथेका म्हणजे मँटिसच्या अंड्यांचा कोश आहे. भिंग घेऊन पाहा. कोशाच्या मधोमध एक उभी पट्टी असते, पिल्लं तिथूनच बाहेर पडतात. त्या पट्टीला बारीक रेशमी धागे आणि पांढरट सालपटं लोंबत असतील तर पिल्लं निघून गेली आहेत. पट्टी सोडून बाजूच्या भिंतीवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं असतील तर पोडॅग्रिऑन नावाच्या गांधीलमाशीने अंडी खाल्ली आहेत. भोकं दोन-चारच असतील तरी फेकू नका, उरलेली अंडी शाबूत असू शकतात.

शाबूत असेल तर फांदी कोशाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंमी सोडून कापा आणि त्याच बागेत, तशाच दिशेने, सावलीच्या झुडपाला दोऱ्याने बांधा. सोललेला कोश जमिनीवर ठेवू नका, मुंग्या एका रात्रीत तो पोकळ करतात.

बरणीत उबवायचा असेल तर कोश तळापासून किमान ७-८ सेंमी वर टांगा. पिल्लं निघताना धाग्याने खाली लोंबकळतात आणि तिथेच पहिली साल सोडतात. खाली जागा नसेल तर एकमेकांत गुंतून वाकडी होतात. तोंडाला मलमलचं कापड, रबर, आणि आठवड्यातून दोनदा बरणीच्या भिंतीवर (कोशावर नाही) पाण्याचा हलका फवारा. २५ ते ३० अंशांत हायरोड्युलाची पिल्लं साधारण ३ ते ६ आठवड्यांत निघतात. परदेशी संकेतस्थळांवर कोश फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, तो सल्ला बर्फाच्या थंडीतल्या जातींचा आहे. आपल्याकडचा कोश फ्रिजमध्ये ठेवला तर मरण्याचीच शक्यता जास्त.

पिल्लं बहुधा सकाळी आणि एकदमच निघतात. शंभर-दीडशे निघाली तर घाबरू नका. आठ-दहा ठेवा, बाकीची दोन दिवसांच्या आत वेगवेगळ्या झुडपांवर थोडी थोडी सोडा. एकाच कुंडीत सोडली तर ती एकमेकांनाच खातात.

दगडफूल:
धागे-सालपटं नाहीत, बाजूला भोकंही नाहीत. फांदी बांधून ठेवते. दहा पिल्लं ठेवायची तर डबा कसला घेऊ?

वाळवण:
डब्याबद्दल एकच माप पाठ करा: उंची अंगाच्या लांबीच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. हे माप कात टाकण्यासाठी आहे, फिरण्यासाठी नाही. मँटिस उलटा लटकून जुन्या सालीतून खाली सरकत बाहेर येतो. खाली जागा कमी पडली की नवं मऊ अंग तळाला टेकतं आणि वाकडंच वाळतं. ८ सेंमीच्या मादीला किमान २४ सेंमी मोकळी उंची, ३० असेल तर उत्तम. ही उंची छतापासून तळातल्या कागदापर्यंत मोजा. तळात माती आणि झाड ठेवलं तर तेवढी वजा.

पहिल्या तीन कातीपर्यंत ज्यूसचा पारदर्शक ग्लास किंवा ३०० मिलीची बरणी, तोंडाला मलमल. पहिले काही दिवस दोघं-तिघं एकत्र चालतील, पण तिसऱ्या कातीच्या आधी एका ग्लासात एकच. मोठ्यांसाठी ५ लिटरची प्लास्टिकची बरणी: झाकणाचा मधला भाग कापून मच्छरदाणीची कापडी जाळी ग्लू-गनने आतून चिकटवा, आणि एका बाजूला तळहाताएवढी खिडकी कापून तिथेही जाळी लावा. दोन ठिकाणांहून हवा खेळली पाहिजे. जाळी कापडीच हवी. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या जाळीत पायाची टोकं अडकून तुटतात. गुळगुळीत झाकणाला तर पकडच मिळत नाही आणि कात टाकताना तो घसरून पडतो.

तळात टिश्यू पेपर, आत एक-दोन तिरप्या काड्या, बस. माती-शेवाळ दिसायला छान, पण मेलेली माशी त्यात हरवते, बुरशी धरते. कागद दर तीन-चार दिवसांनी बदला.

पाणी: मोठ्याला दिवसाआड एक फवारा, लहान पिल्लाला रोज अगदी बारीक. थेंब तोंडाएवढेच हवेत, मोठ्या थेंबात पहिल्या कातीचं पिल्लू चिकटून बुडतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फवारा जवळपास बंद ठेवा, तिथे त्रास कोरडेपणाचा नसून कोंदट हवेचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे उलट गणित: सकाळ-संध्याकाळ फवारा, बरणी माठाजवळ. गॉन्जिलसला मात्र कोरडं आणि कडक ऊन लागतं. दिवसा ३५ अंशांच्या आसपास नसेल तर तो खात नाही, आणि शिकारही त्याला उडणारीच लागते. नवख्याने हात घालू नये.

आंबेमोहर:
खाण्याचं मी लिहितो. लोक डबा आधी घेतात आणि खाण्याचा विचार पिल्लं निघाल्यावर करतात. उलटं करा. पिल्लं निघण्याच्या दोन आठवडे आधी फळमाश्यांची बाटली लावा.

५०० मिलीची रुंद तोंडाची बाटली. एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून, २ मोठे चमचे रवा, १ चहाचा चमचा साखर, १ चहाचा चमचा व्हिनेगर. मिश्रण घट्ट हवं, बाटली तिरकी केली तरी वाहू नये. पातळ झालं तर रवा वाढवा. वरून चिमूटभर कोरडं यीस्ट. आत चुरगळलेला कागद उभा खोचा, माश्यांना बसायला आणि अळ्यांना कोषासाठी जागा लागते. बाटली खिडकीत उघडी ठेवली की दोन दिवसांत माश्या येऊन अंडी घालतात. मग कापसाचं किंवा कापडाचं बूच लावा. २५ अंशांच्या आसपास १० ते १२ दिवसांत नवी पिढी. व्हिनेगर विसरलात तर बुरशी जिंकते. तापमान ३० च्या वर गेलं तर या माश्यांचे नर वांझ होतात, म्हणून उन्हाळ्यात बाटली बंद पडते. तेव्हा ती घरातल्या सगळ्यात गार फरशीवर, परातीत थोडं पाणी घालून ठेवा.

या माश्या उडतात. बाटली फ्रिजमध्ये ५ मिनिटं ठेवली की सुस्तावतात, मग ग्लासात झटकायच्या. एका पिल्लाला एका वेळी ४-५ पुरे. पहिल्या दिवशी पिल्लं खात नाहीत, काळजी नको.

तिसऱ्या-चौथ्या कातीनंतर घरमाशी, मग लहान नाकतोडे, पतंग. भक्ष्य मँटिसच्या अंगाच्या निम्म्याहून मोठं नको. वेळापत्रकापेक्षा पोट बघा: सपाट झालं तर द्या, टम्म असेल तर थांबा. मोठ्या मादीला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. फुगलेल्या पोटाची मादी छतावरून पडली तर पोट फुटून मरते.

घरातलं झुरळ देऊ नका, त्याने कुठल्या घरात कोणतं औषध खाल्लंय हे कळत नाही. रातकिडा दिला तर समोर उभं राहून द्या आणि न खाल्लेला काढून घ्या.

शेवरी:
रातकिड्याबद्दल +१. रात्री मँटिस कात टाकत असेल तर तो रातकिडा त्याचं मऊ अंग कुरतडतो. सकाळी "काहीच कारण नसताना मेला" असं वाटतं ते अनेकदा यामुळे.

दगडफूल:
कात टाकणार हे आधी कसं कळतं? आणि मध्येच अडकला तर?

वाळवण:
एक ते तीन दिवस आधी खाणं बंद. माशी जवळ आली की झेप घेण्याऐवजी मागे सरकतो किंवा पाय झटकून तिला हाकलतो. छताला लटकून बसतो, अंग सुस्त आणि थोडं फुगीर. हे दिसलं की आतलं सगळं भक्ष्य काढा, भिंतीवर एक फवारा द्या आणि डबा हलवू नका.

मग साल डोक्याच्या मागे, छातीवर फाटते. आधी छाती बाहेर येते, डोकं खाली वाकलेलं, मग मिशा आणि पाय मोज्यातून काढावेत तसे एकेक सुटतात. सगळे पाय सुटले की तो फक्त पोटाच्या टोकाने जुन्या सालीला लटकलेला असतो, काही मिनिटं अगदी निपचित. हीच वेळ लोक घाबरून हात घालतात. घालू नका. पाय थोडे घट्ट झाले की तो स्वतःच वर उसळून साल पकडतो आणि पोट सोडवून घेतो. एकूण साधारण अर्धा तास. शेवटच्या कातीत यानंतर पंख फुलतात, त्याला आणखी तास-दीड तास.

मध्येच पडला आणि साल अजून अंगावर असेल तर जुन्या सालीला (अंगाला नाही) चिमट्याने धरून तिला टाचणीने किंवा चिकटपट्टीने छताला लटकवा, गुरुत्वाकर्षण बाकीचं काम करतं. पाय सालीत अडकला असेल तर ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने साल मऊ करा. पाय तुटलाच तरी पुढच्या एक-दोन कातींत तो लहानसा परत येतो. शेवटच्या कातीनंतर मात्र येत नाही. कातीनंतर २४ तास खायला नाही, शेवटच्या कातीनंतर दोन-तीन दिवस. तोंडाचे जबडे घट्ट झालेले नसतात.

सह्यकडा:
घरात पाळणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे वाचा: डासांची अगरबत्ती, प्लगमधलं लिक्विड, झुरळांचा खडू, घरभर मारलेलं पेस्ट कंट्रोल. यातलं बहुतेक पायरेथ्रॉइड गटातलं असतं आणि ते डास आणि मँटिस असा भेद करत नाही. ज्या खोलीत लिक्विड लावता तिथे डबा नको. लक्षण ठरलेलं: पाय थरथरतात, पकड सुटते, पाठीवर पडून तडफड. शंका आली तर लगेच उघड्या हवेत न्या, डबा साबणाने धुवा, कागद बदला. बाजारातून आणलेली फुलंही आत ठेवू नका.

मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या वाटीवर ठेवा, पाण्यात दोन थेंब तेल किंवा साबण. नुसत्या पाण्यावर धूळ बसली की मुंग्या त्यावरून चालत जातात.

बाहेरून आणलेल्या मोठ्या मँटिसचं पोट खूप फुगलेलं आणि तो सारखा पाण्याकडे जाणारा दिसला तर आत केसासारखा लांब काळपट जंत असू शकतो. हे जंत मँटिसला पाण्याकडे ढकलतात आणि पाण्यात पडताच बाहेर येतात. माणसाला त्यांचा धोका नाही, मँटिसला औषध नाही.

पळसपान:
प्रजननाबद्दल थोडक्यात, कारण "मादी नराला खातेच" हा समज प्रत्येक धाग्यावर येतो. खाते, पण नेहमी नाही, आणि भूक हे मोठं कारण. शेवटच्या कातीनंतर दोन-तीन आठवडे मादीला नीट खाऊ घाला. ती संध्याकाळनंतर पोटाचं टोक खाली वाकवून बसू लागली की गंध सोडतेय. तिला आदल्या दिवशी आणि त्या वेळी पोटभर द्या, ती खाण्यात गुंतलेली असताना नर मागून, लांब सोडा. जागा मोठी हवी, शक्यतो खोलीतलं मोठं झाड. डब्यात नराला पळायला वाट नसते. मीलन अनेक तास चालतं. नर सुटला की लगेच वेगळा करा. एका मीलनावर मादी पुढचे अनेक कोश घालते. नर नसतानाही कोश घालते, तो बहुतेक जातींत उबत नाही.

आंबेमोहर:
बागेतल्या किडीसाठी कोश आणून लावावेत का, असं दोघांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) विचारलं. माझं मत: नाही. मँटिस मावा वेचून खात बसत नाही. मधमाशी, फुलपाखरू, दुसरा मँटिस, जे हाताला येईल ते खातो. कर्नाटकात एका गच्चीवरच्या तळ्यात हायरोड्युलाचा एक नर पाच दिवसांत नऊ गप्पी मासे मारून खाताना नोंदला गेला होता, शोधनिबंध २०१८ चा. असा शिकारी बागेत स्वतःहून आला तर आनंदाने राहू द्या, पण कीडनाशकाला पर्याय म्हणून नको.

सह्यकडा:
राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून कोश किंवा कीटक उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू होतो. ऑनलाइन विकले जाणारे ऑर्किड मँटिस वगैरे परदेशी जातींचे प्राणी घेऊ नका आणि कुणी घेतलेच असतील तर बाहेर सोडू नका. स्थानिक मँटिस सोडायचा तर जिथून आणला तिथेच.

दगडफूल:
शेवटची शंका. म्हातारी मादी किती जगते आणि काय काळजी घ्यायची?

शेवरी:
पंख आल्यावर मादी साधारण चार ते सहा महिने, नर त्याहून कमी. वय झालं की पायाची टोकं गळतात, पकड जाते, पंखांच्या कडा झिजतात, नेम चुकतो. तिला आता उंच डबा नको, कात उरलेली नाही. १२-१५ सेंमी उंचीच्या रुंद डब्यात ठेवा, तळात टिश्यूचे दोन-तीन थर आणि भिंतींना आतून कापडी जाळी, म्हणजे चढता येईल आणि पडली तरी लागणार नाही. माशीचं डोकं चिमट्याने चिरडून ती ओली बाजू तिच्या तोंडाला लावा, चव लागली की ती स्वतः पकडते. तेही जमेना तर पाण्यात पातळ केलेल्या मधाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर, दिवसाआड.